उधारीची वही

पाटीवरचा आकडा मी ओल्या बोळ्यानं पुसते.
ताट साठला होतं, दिवाळीत सत्तर,
आता नव्वद लिहिताना खडू मोडला
आणि शून्य अर्धंच राहिलं.
कुणी हटकलं नाही. हटकायला माणसं लागतात.

जालन्याच्या वसाहतीत, तिसऱ्या गेटापुढं माझी खानावळ.
समोर सळईची मिल, रात्रंदिवस लाल जीभ काढलेली.
त्या भट्टीपाशी इकडची पोरं आठ दिवस टिकत नाहीत.
टिकायचे ते मालद्याचे.
ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी
परत ठेचाच मागायचे.
निताई मंडल, मोफिजुल, मोफिजुलचा साडू,
आणि एक पोरगा, जो कधी बोललाच नाही,
वहीत त्याचं नाव नुसतं ‘चष्मेवाला’.

मार्गशीर्षात दिगंबरभाऊनं मोहीम काढली.
जीपवर भोंगा : परके हाकला, स्वस्ताई आणा.
मी परातीपुढं बसून ऐकत होते.
म्हणलं, आणा बाबा, तेलाचा डबा बावीसशेवर गेलाय.
खरं सांगते, टाळीही वाजवली असती,
हात पिठाचे होते.

मंगळवारी पहाटे गाड्या आल्या.
ह्याला काय म्हणता, म्हणून तांब्या दाखवला.
निताई ‘जॉल’ म्हणाला, तेवढ्यावर उचलला.
तो गळ्यातली तुळशीची माळ दाखवत राहिला.
आधार कार्डं काढली तर म्हणले,
असली पन्नास छापून मिळतात.
जमादार माझ्याकडं वळला :
“मावशे, तुझ्यापाशी हाय का काही पुरावा ह्यांचा?”
मी उधारीची वही दिली. नऊ वर्षांची.
मोफिजुल, अंडाकरी दोन, बाकी चाळीस.
निताई, उपास, नुसता चहा.
मोफिजुलला पोरगी झाली, गोड केलं, पैसे घेतले नाहीत.
बोट थुंकीनं ओलं करून त्यानं पानं उलटली
आणि विचारलं, “शिक्का कुठाय ह्याच्यावर?”

मिलची रातपाळी बंद पडली.
पांचाळ, जो मोहिमेत सगळ्यांच्या पुढं होता,
आता ‘खोली भाड्याने देणे’ पाटीखाली
दिवसभर दात कोरत बसतो.
शेठनं भाऊचा हात आखडला म्हणतात.
मला काय माहीत. मला एवढंच माहीत,
की चाळीस ताटं घासायची होती, तिथं अकरा घासते.

मतदानाच्या आधी भाऊ आला. वीस माणसं जेवली.
“मावशी, गेले ना परके?”
“गेले की.”
“मग?”
“भाऊ, स्वस्ताई मागच्या गाडीत राहिली व्हय?”
भाऊ हसला. त्याची माणसं नाही हसली,
त्यांच्याही घरी डबा बावीसशेचाच.
बिल झालं अठराशे.
“लिहून ठेव,” म्हणाला.
मोफिजुलच्या पानावर खाली जागा होती, तिथंच लिहिलं.

भाऊ पडला.
ज्यानं पाडलं त्याचं बॅनर
त्याच खांबाला, त्याच सुतळीनं.
डबा तेवीसशे.

काल भरदुपारी, एकही गिऱ्हाईक नसताना,
गल्ल्यावरचं यंत्र एकाएकी बोललं :
तीनशे चाळीस रुपये प्राप्त झाले.
माझ्या हातून उलथनं पडलं.
मागोमाग फोन. साडू होता, कुठूनतरी, वारा लई.
“मौसी, मोफिजुल का बाकी काट दो.”
म्हणलं, अन् तो कुठाय?
“उस पार.”
नदीच्या, का कशाच्या,
विचारायला तोंड उघडलं, तोवर फोन कटला.

वही काढली. आकड्यावर रेघ मारली.
नावावर नाही मारली.
खाली भाऊचे अठराशे
अजून तसेच.