सात नंबरचं टेकाड

आमच्या गावाला डोंगर नव्हता.
सपाट बीटाची शेतं, चर्चचा मनोरा, बस्स.
डोंगर आम्हीच काढला जमिनीतून,
डब्याडब्यानं, पाळ्यापाळ्यांनी.
कोळसा गेला रेल्वेनं लीलच्या गिरण्यांकडे,
नको असलेला दगड राहिला
आमच्या खिडकीसमोर.

वालेन्ती, माझा बाप,
पोलंडहून आला तेव्हा सतरा वर्षांचा.
त्याची फुप्फुसं आणि हे टेकाड
बरोबरीनं भरत गेली.
आई तारेवरच्या चादरी झटकायची, म्हणायची,
उगाळा किती, काळाच.

खाण बंद झाली.
पुढची काही वर्षं काहीच नाही,
म्हणजे आम्हाला दिसलं नाही.
पाऊस पडला की उतारावरून वाफ निघायची,
आत कुठेतरी अजून जळत होतं.
शाळेच्या मादाम कार्लिए भिंग घेऊन वर चढल्या,
खाली येऊन म्हणाल्या, दगडफूल आलंय.
नखाएवढं.
बाप हसला, हसताहसता खोकला.
तेव्हापासून तो त्याचाच शब्द झाला:
पेन्शन किती? नखाएवढी.
श्वास?
नखाएवढा.

मग शेवाळ. मग ती पिवळी फुलं,
आफ्रिकेतल्या मेंढ्यांच्या लोकरीत अडकून आलेली,
कागदपत्रांशिवाय.
काळा उतार उन्हात असा तापायचा
की दुसरं कुणी टिकेना. ती टिकली.
आम्हालाही इथे बोलावलं होतं ते
दुसरं कुणी खाली उतरेना म्हणूनच.

मग भूर्ज, धुळीइतक्या हलक्या बियांचे.
उत्तरेची बाजू पांढऱ्या रेघांनी भरली,
पाटीवर कुणी हजेरी मांडावी तशी.

आणि एक सफरचंद.
अर्ध्या चढावर, रूळ वळायचे तिथे.
बाप, बेन्सेलिन आणि कबिल्याचा मेझियान
तिघंही म्हातारपणी भांडायचे:
ते उष्टं माझं होतं, मी फेकलेलं!
फळं आंबट, खरखरीत.
चढवेना झालं तेव्हा
मी खिशातून आणून द्यायची,
तो बियांसकट खायचा.

आता नगरपालिकेचा पोरगा येतो करवत घेऊन,
थोडे भूर्ज पाडतो.
उघडा दगड राहिला पाहिजे, म्हणतो,
पायथ्याच्या डबक्यात एक बेडूक आहे
त्याला सावली चालत नाही.
आणि नाही पाडले तर?
तर भूर्जाखाली भूर्जाचं रोप जगत नाही, बाई.
त्याच्या सावलीत ओक येतो.
पक्षी ओकची बोंडं पुरतात आणि विसरतात.

मी वाकून एक दगड उचलला.
त्यावर नेच्याचं पान, शिरन् शिर.
तेही कधीतरी इथेच
कुणाच्या कुजण्यावर वाढलं असेल, दबलं असेल,
काळं झालं असेल.
मग माझ्या बापानं वर आणलं,
आणि कुणालाच नको होतं.

पाहुणे विचारतात, टेकाड बरं झालं का?
बीटाची शेतं काही परत येत नाहीत,
हे मी त्यांना सांगत नाही.
वाट दाखवते, निसरडं आहे म्हणते.

ऑक्टोबरात दोन सफरचंदं तोडते.
एक खाली, त्या सपाट दफनभूमीत, वालेन्तीच्या दगडावर.
दुसरं तिथेच उभ्याउभ्या खाते,
तोंड वाकडं करत,
आणि उष्टं भिरकावते दक्षिणेला,
जिथे अजून
नुसती वाफ आहे.