जोडी सुटी मिळत नाही

खरखर दाराची की कानाची
हे ठरवण्यातच उन्हाळा गेला.

शेवटी शालनला शेजारच्या सीटवर बसवलं,
आवाज वाढवला, विचारलं, ऐकू येतंय?
ती म्हणाली, हो, तुझ्या दारात कुणीतरी
फरसाणाचा पुडा चुरगाळतंय.
केवढं बरं वाटलं. म्हणजे निदान हे तरी माझं नाही.

अकरा वर्षांचा पिकअप.
मारिसेला बाकाने दाराचं पॅनल
गुडघा लावून खटकन् उचकटलं,
कंपनीचा स्पीकर काढून माझ्या तळहातावर ठेवला:
कागदाचा शंकू, कडेचा फोम जुन्या पापडासारखा मोडलेला,
मागे चुंबक, नानकटाईएवढं.
"एवढ्यावर ऐकत होतात?"

नॉर्दर्न अॅव्हेन्यूवरचं दुकान. बाहेर पार्किंगमध्ये
जाळीच्या पिंपात मिरच्या भाजत होत्या,
प्वेब्लोचा सप्टेंबर नाकानेच ओळखायचा.
आत भिंतभर स्पीकर, प्रत्येकाखाली एक बटण.

ती पट्टी लावून सांगत होती:
सहा बाय नऊ बसेल, पण खोली बघायला हवी,
नाहीतर काच खाली आली की चुंबकावर आपटते.
रेडिओ जुनाच ठेवणार ना? मग ताकद बेताची,
थोडक्यात पोट भरणारा स्पीकर घ्या.
चार ओहम, दोन ओहम. मी मान हलवत होतो
लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे हलवतात तशी.

मग तिने दोन बटणं आलटून पालटून दाबली.
हा साधा. हा रेशमी घुमटाच्या ट्वीटरचा.
कळला फरक?

सव्वीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली.
लालभडक रूळ रोलरमधून सुटताना किंचाळायचा,
तोच घेऊन गेला वरचे सूर, एकेक, न विचारता.
ऑडिओग्रामवर माझी रेघ चार हजारांपाशी
दोर तुटलेल्या पोहऱ्यासारखी खाली जाते.
मला दोन्ही सारखेच. मी शालनकडे पाहिलं.
तिच्या भुवया वर गेल्या होत्या.

मिरजेत आमच्या गल्लीत तंबोऱ्यांची जवारी काढत.
रसूलचाचा घोडीवर कानस फिरवायचे,
तारेखालचा दोरा केसभर मागे, केसभर पुढे,
आणि एकाएकी सपाट तार मधमाश्यांनी भरून जाई.
तिथे खरखर कमवावी लागे.
दप्तर पाठीला लावून, शाळा बुडवून ती मी ऐकलेली आहे.
ऐकलेली आहे, एवढंच आता सांगता येतं.

"असं कर," मी मारिसेलाला म्हटलं,
"माझ्या दारात साधा लाव, रेशमी हिच्या दारात."
हिशेबच केला होता, नव्वद डॉलर वाचत होते.
ती हसली नाही. "जोडी सुटी देत नाही आम्ही.
आणि दिली तरी गाणं सगळं त्यांच्या दाराकडे ओढलं जाईल.
तुम्हाला नाही आलं ऐकू, तरी तुमच्याकडून
वाजायला हवं. तेव्हा कुठे ते मधोमध उभं राहतं."

मधोमध? आमच्या मधोमध कपहोल्डर,
टायरची हवा मोजायचा गेज
आणि हिच्या गोळ्यांची डबी.

घेतली जोडी.

घरी येताना शालन काही बोलत नव्हती.
एक बोट काचेवर टकटक करत होतं,
त्यावरून मला ताल कळला.
मी डावा तळहात दाराच्या पॅनलवर टेकवला;
खालचं सगळं हाताला लागत होतं, मांजराच्या पोटासारखं.
वरचं काय चाललंय ते तिला विचारणार,
तेवढ्यात तीच म्हणाली,
इंडिकेटर चालू राहिलाय तुझा.
केव्हापासून?
मिरच्यांपासून.