सतरा नंबर

आमच्या कॉलेजात, उदगीरला,
केमिस्ट्री लॅबच्या किल्ल्या दोन.
एक प्राचार्यांच्या कपाटात, ती लागत नाही.
दुसरी भानुदासमामांच्या करदोट्याला.

अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला
देवणीची एसटी पंक्चर झालेली, मी उशिरा,
एप्रनशिवाय दारात.
मामांनी कपाटामागून एक ओढून काढला.
खिशावर निळ्या दोऱ्यानं : वैजयंता.
"घाल. ती आता नर्स हाय नांदेडला."

सर येतात आठवड्यातून एकदा.
एरवी बसस्टँडमागे त्यांचे क्लासेस,
तिथल्या बोर्डावर सरांचा फोटो
कॉलेजच्या पाटीपेक्षा मोठा.
म्हणून सॉल्ट ओळखायला आम्हाला
टेस्टट्यूब धुणाऱ्या माणसानं शिकवलं.
बेरियमची ज्योत कैरीच्या सालीसारखी,
तांब्याची मोराच्या मानेची,
आणि रिंग टेस्टला :
"नळी हलवू नको गं लेकरा.
ॲसिड कडेकडेनं सोड
आन् गप उभी ऱ्हा.
रिंग घाईला भिते."

मी हे जर्नलमध्ये जसंच्या तसं लिहिलं.
सरांनी लाल पेनानं खोडलं.

बारावीच्या ऑगस्टात
मामा ऑफिसच्या खिडकीशी, आमच्या रांगेत,
हातात दहावीचा मार्कमेमो, घडीवर फाटलेला.
संगमेश्वर क्लार्क म्हणाला,
"सायन्सला सतरा नंबर भरता येत न्हाई, मामा.
प्रॅक्टिकल आस्तंय ना त्याला."
रांग गप्प झाली.
एकोणीस वर्षांची ॲसिडची बोटं
खिडकीच्या गजावर.
"मग आर्ट्स टाक," मामा म्हणाले.

कुणी म्हणालं, प्रमोशनसाठी.
कुणी म्हणालं, पोरीची सोयरीक चाललीय.
आम्ही विचारलं नाही.
तस्लीमनं एवढंच विचारलं,
"इंग्रजी कोण घेतंय तुमचं?"

मग पाचच्या एसटीआधी रोज अर्धा तास.
सिंकचा नळ टिपटिपत असायचा.
मामा नळ्या स्टँडला पालथ्या घालत म्हणायचे :
आय हॅव सीन, ही हॅज सीन.
"हॅव का हॅज, हे कुणी ठरवलं?"
तस्लीमला आलं नाही सांगता.
"तुमचं बी आमच्यासारखंच की," ते हसले,
"पाठ हाय, पण वास न्हाई माहीत."
आणि अर्थशास्त्रातली मागणीची रेघ
त्यांनी एकदाच पाहिली :
"हे सोयाबीनचं हाय. ह्ये येतंय मला."

फेब्रुवारी. पहिला पेपर इंग्रजी,
सगळ्या शाखांना एकच,
म्हणून एकाच ब्लॉकला आम्ही.
मामा माझ्यापुढं दोन बाक,
इस्त्रीचा शर्ट, पाय मावत नव्हते,
गुडघे बाहेर रस्त्यात.
भरारी पथकाच्या बाईंनी त्यांनाच आधी उठवलं,
खिसे चाचपले, कमरेला काय टोचतंय विचारलं.
"किल्ली हाय, मॅडम."
"कशाची?"
मामांनी खिडकीबाहेर बोट केलं,
समोरच्या कुलूपबंद दाराकडं.

दुसऱ्या तासाला शिपाई डोकावला.
"भानुदास, लॅब उघडून दे की,
पथकाचा चहा तिथं मांडायचाय."
अठ्ठेचाळीस मुंडकी वर.
मामांचा पेन चालूच राहिला,
ओळ संपली, टिंब दिलं,
मग मान न उचलता :
"पेपर चालू हाय माझा."

चहा व्हरांड्यात झाला असावा.

सुटल्यावर सगळे गेटकडं पळाले
आणि मामा जिन्यात आम्हाला गाठून,
घामेजलेले, घाईत,
आम्ही एकमेकांना विचारतो तसंच :
"त्या पत्रात युवर्सच्या पुढं काय लिहिलंव तुम्ही?"
मी सांगितलं, फेथफुली. तस्लीम म्हणाली, सिन्सिअरली.
मामा थांबले.
"मी फक्त नाव लिहिलंव."
मग कमरेची किल्ली सोडवत
ते लॅबकडं गेले,
आणि एसटी निघून गेली तरी
आम्ही दोघी तिथंच, जिन्यात,
फेथफुली का सिन्सिअरली
यावर भांडत.