चाळीस मैल, हळू

मैथाने बोट घेतली तेव्हा तिच्या बापाने, उबैदने,
मला बाजूला ओढून विचारलं,
सारंग, ये चलता?

मी काय सांगणार.
सत्तावीस वर्षं इंजिनाला कान लावून सांगत आलो
कुठल्या सिलिंडरला खोकला झालाय.
ह्या पेटाऱ्याला तर छातीच नाही.

आकडे असे:
पाच नॉटने, हळू, आठ तास. म्हणजे चाळीस मैल.
वीस नॉटने पन्नास मिनिटं,
आणि त्यानंतर वल्ही.
वल्ही मीच आत टाकली. कंपनीने दिली नव्हती.

उम्म अल कुवैनच्या आमच्या धक्क्यावर
विजेची खुंटी एकच, सोळा अँपिअरची.
मगरिबला लावली की फजर उलटून जाते
तरी हिचं पोट भरत नाही.
ऑगस्टात समुद्रच चौतीस अंश;
बॅटरी तापली की चार्जर हात आखडता घेतो.
एकदा मी बर्फाची लादी आणून शेजारी ठेवली.
सुधीश खो खो हसला,
मग त्यानेच ओलं गोणपाट आणून दिलं.

उबैदची बोट वेगळी. मागे तीनशे-तीनशे घोडे,
सुरमईच्या पाठी तीस मैल बाहेर,
पेट्रोल असं जाळतो
जशा कुणी वरातीत नोटा उधळाव्या.
तिथे ही नेऊ नका, मी मैथाला बजावलं.
ती म्हणाली, मला तिथे जायचंच नाहीये.

तिला जायचं होतं खोरात.
खोर म्हणजे खाडीच. आमच्या बाणकोटला असते तशी,
काठाला तिवरं, ओहोटीला चिखल,
फक्त पाणी काचेसारखं आणि वर ढग नाही.

एका शुक्रवारी तिने बापालाही बसवलं.
बटण दाबलं. काहीच झालं नाही
असं वाटून त्याने मागे पाहिलं
तर धक्का वीस हात दूर.

आत शिरलो. अग्निपंख उडाले नाहीत.
एवढंच झालं.
सत्तावीस वर्षांत मी ते उडतानाच पाहिले होते,
मला वाटे त्यांची चालच ती.
एकजण मान उलटी करून चिखल चाळत होता,
आणि त्या चाळण्याला आवाज होता,
बारीक, कुणी सुपात कण्या पाखडाव्या तसा.

उबैदने काही बोलायला तोंड उघडलं.
मिटलं.
बऱ्याच वेळाने कुजबुजला:
किती टक्के?
अठ्ठावन्न.

परतताना शमाल सुटला, थेट नाकावर.
वारा समोरून आला की पाच नॉटला
नऊ नॉटची भूक लागते, हे कागदावर नसतं.
एकेचाळीस. तेहतीस.
उबैद तसबीह ओढावी तसा आकडे म्हणत होता.
बावीस.
मैथाने वेग उतरवला, तीन नॉट,
किनाऱ्याच्या आडोशाने, तिवरांना जवळजवळ घासत.
मी सांगायच्या आधीच.
मी वल्ह्यावरचा हात काढून घेतला.

धक्क्याला लागलो तेव्हा सहा टक्के
आणि तिघांचे कपडे खारट.

परवडतं का?
हा प्रश्न मला फोनवर भाऊ विचारतो, बाणकोटहून,
पर्यटकांना फिरवायची त्याची बोट धूर ओकते.
मी म्हणालो, जवळ जायचं असेल तर परवडतं.
लांब जायचं असेल तर नाही.
आणि तुझ्याकडे संध्याकाळी लाइट असते का ते सांग.
तो म्हणाला, आत्ताच गेली.

उबैदने त्या दिवसानंतर विषय काढला नाही.
काल मात्र धक्क्यावर टेप घेऊन उभा,
खुंटीपासून त्याच्या जागेपर्यंत मोजत.
मी विचारलं, काय करताय?
म्हणाला, काही नाही. बत्तीस अँपिअरची वायर
किती जाड असते?

मी अंगठा दाखवला.

आडनाव सारंग. आजाने शिडं ओढली,
बापाने डिझेल. मी वायर ओढतोय,
अजून सवयीने कान लावून,
काहीतरी बिघडलंय का ऐकत.