उणे अठरा

हमरियाच्या गोदामात जूनमध्ये
पत्र्यावर कावळासुद्धा टेकत नाही.

म्हणून आम्ही कोल्डरूमचं तापमान तपासतो.
साडेदहाला मी. अकराला दिलावर परकार.
सव्वाअकराला पुन्हा मी,
कारण मघाचा आकडा आठवत नाही.

आत ब्राझीलच्या कोंबड्या, खोक्यावर खोकी.
त्यांना पाठ लावायची.
घाम आधी गार होतो, मग टोचतो.
चार मिनिटांच्या वर नको, दिलावर म्हणतो, कान दुखतात.
बाहेर फोर्कलिफ्ट चालूच ठेवलेली,
गुरगुरतेय, म्हणजे काम चाललंय.

वहीत मात्र सगळं: वेळ, उणे अठरा, सही.
एक अक्षर खोटं नाही.

परवा ऑडिटवाली बाई पानं उलटत राहिली.
दिवसाला एकोणीस नोंदी!
असं गोदाम पाहिलं नाही, म्हणाली.
ऑफिसात प्रशस्तिपत्र लागलं, काचेच्या चौकटीत,
आणि वर्गीस साहेबांकडून आम्हाला एकेक बिर्याणी.
खाताना मला ठसका लागला.
दिलावर पाठ थोपटत होता, हसू दाबत.

आज सव्वाअकराला दार ओढलं
तर आत वर्गीस साहेब,
टाय सैल, कोंबड्यांना टेकून, डोळे मिटलेले.

दार हळूच लोटलं.
वहीत वेळ लिहिली, उणे अठरा लिहिलं,
सहीची जागा
त्यांच्यासाठी मोकळी ठेवली.