धडा सातवा

नंदगडहून बदली झाली तेव्हा
बैलहोंगलच्या स्टँडवर पुस्तक घेतलं,
मराठीतून कन्नड, पस्तीस रुपये,
मधली चार पानं उलटी शिवलेली.

पहिल्याच आठवड्यात गौरव्वानं विचारलं,
"ऊटा आत्रि?"
धडा दुसरा : जेवण झालं का.
मी खरं ते सांगितलं, इल्ल.
तिनं जात्याशेजारी पाट टाकला,
जोंधळ्याची रोट्टी, पुंडीपल्ल्या, शेंगाचटणी,
आणि लसींची निळी पेटी
दारात माझी वाट बघत बसली.
पुढं कळलं, हा प्रश्न पोटाला नसतो.
आत्रि म्हणायचं, तिचं विचारायचं, चालू लागायचं.
आमच्याकडं तरी "बरं हाय न्हवं?" म्हणणाऱ्याला
कोण आपली शुगर सांगतं?

मग "री" लावायला शिकले.
इतकी, की अंगावर आलेल्या कुत्र्यालाही
होग्री म्हणाले.
पोरं आठवडाभर हसली.

सातवा धडा निरोपाचा.
होगि बर्तीनि. अर्थ : मी निघते.
खाली बारीक टाइपात, शब्दशः : जाऊन येते.
बारीक टाइप मी कधी वाचत नाही.
रोज चाळीस दारांत म्हणायचे,
चाळीस दारं म्हणायची, बर्री.

त्या बुधवारी गौरव्वाचा सासरा गेला, ईरप्पा.
भिंतीला टेकवून बसवलेला,
कपाळभर विभूती,
बोटावर मी परवाच टोचलेल्या सुईचा ठिपका.
कागद भरले, वेळ लिहिली,
तिच्या खांद्यावर हात ठेवला,
आणि उंबऱ्यात चप्पल चढवताना
ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, स्पष्ट, म्हणाले
होगि बर्तीनि री.

भजनाचा ताळ थांबला नाही.
बायकांची ओळ तेवढी वळली.
कुणी रागावलं नाही.
बर्री कुणीच म्हटलं नाही.

परतीच्या बसमध्ये दंड दुखायला लागला.
नऊ वर्षांची होते, काका गेले होते,
दारात "येते हं काकू" म्हणायला तोंड उघडलं
आणि आईनं चिमटा काढला होता, इथं, कोपराच्या वर.
एवढं मला आधीच येत होतं.
नव्या भाषेत शिरताना
दाराबाहेर काढून ठेवलं होतं,
चपलेसारखं.

पाच-सहा दिवसांनी गौरव्वा नळावर भेटली.
डोळे सुजलेले, घागर अर्धी.
माझ्याकडं न बघता म्हणाली,
"ऊटा आत्रि?"

माझं झालं होतं.
इल्ल, म्हणाले.