वरचे चारशे

दार-एस-सलाम ते लुसाका,
सरळ रेषेत दीड हजार किलोमीटर,
उड्डाणाचा वेळ अडीच तास.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला,
तिकीट उन्हात धरलं
नोट खरी की खोटी बघतात तसं.
"रस्त्यानं एकोणीसशेच्या वर भरतात.
वरचे चारशे कुठे गेले?"
विमान नाकासमोर चालतं, बाबा.
"नाकासमोर चालणाऱ्याला
नाकच दिसतं फक्त."

तेहतीस वर्षं ट्रकवर होता अंबाकिस्ये ड्रायव्हर.
जाताना खत, येताना तांब्याचे पत्रे.
मिकुमीत झेब्रे ओलांडेपर्यंत इंजिन चालू ठेवून थांबायचं.
किटोंगाच्या घाटात पहिला गिअर,
आणि एका ठरलेल्या वळणावर हॉर्न,
पुढून कोणी येत नसलं तरी:
तिथून म्वाइपोपो दरीत गेला,
त्याला हाक.
मकांबाकोची थंडी, उकडलेली अंडी, काळा चहा.
मग तुंडुमाची रांग.
एकदा नऊ दिवस,
सरहद्दीचं फाटक दोनशे मीटरवर.
तिथेच दाढी, तिथेच धुणं,
तिथेच क्लीनरला ताप आला आणि उतरला.
"कर म्हणावं तुझ्या विमानाला
दोनशे मीटर नऊ दिवसांत."

मी जन्मले तेव्हा ते सेरेंजेजवळ
फाटक्या टायरखाली.
अकरा दिवसांनी कळलं त्यांना.
आई म्हणायची, पोरीला वळण लावायला बाप घरात नाही.
वळणं सगळी बापापाशीच होती,
चारशे किलोमीटर.

फाटकापलीकडे झांबियात घड्याळ तासभर मागे करतात.
बाबांनी कधी केलं नाही.
इकडे आम्ही जेवायला बसलो की नाही
ते त्यांना तिकडे
हिशेब न करता कळायला हवं होतं.
हे मला आईनं सांगितलं, ते गेल्या वर्षी,
आणि तेही कांदा चिरताना.

खिडकीची जागा मागून घेतली होती.
खाली ढगच ढग, कापूस पिंजायला टाकल्यासारखे.
एका फटीतून तपकिरी दोरा दिसला,
त्यावर काहीतरी चमकलं,
ताडपत्री असेल, डबकं असेल.
मी नाक काचेला लावलं तोवर
पंख आडवा आला.
शेंगदाण्याचं पुडकं अर्धं संपलं
आणि शेजारचा म्हणाला, तुंडुमा गेलं बहुतेक.

लुसाकात साडेआठ वाजले होते,
माझ्या मनगटावर साडेनऊ.
बोट चावीपर्यंत नेलं,
मग राहू दिलं.

फोन पहिल्याच घंटीला उचलला त्यांनी.
"पोचलीस? एवढ्यात?"
पलीकडे तेमेकेचा गलका,
कोणीतरी नारळाचा भाव करत होतं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"चहाला कुठे थांबलीस?"

टॅक्सीवाला विचारत होता, कुठे जायचं.
मी उभी,
फोन कानाशी,
उरलेले शेंगदाणे मुठीत.